जाळीपलीकडचा कान

१८७३ साल. हवाई बेटांपैकी मोलोकाईच्या किनाऱ्याशी एक जहाज थांबलं आहे आणि त्याच्या अंगाला लागून एक होडी लाटांवर वरखाली होते आहे. होडीत तेहेतीस वर्षांचा बेल्जियन धर्मगुरू, फादर डेमियन. वर जहाजाच्या कठड्याशी त्याचे वरिष्ठ. खालच्याने वर चढायचं नाही आणि वरच्याने किनाऱ्यावर उतरायचं नाही, असा सक्त हुकूम आहे. कारण हा किनारा कुष्ठरोग्यांचा. डेमियनला पापनिवेदन करायचं आहे. त्यासाठी दुसरा धर्मगुरू लागतो, आणि तो एवढाच, वीतभर वर आणि तरी हाताबाहेर. मग डेमियन होडीतूनच आवाज चढवतो आणि जहाजावरच्या सगळ्यांच्या देखत आपली पापं ओरडून सांगतो. वरून क्षमेचे शब्द येतात. होडी माघारी वळते.

डेमियनच्या बहुतेक चरित्रांत हा प्रसंग येतो. १८६५ च्या कायद्यानं कुष्ठरोग्यांना कुटुंबापासून तोडून मोलोकाईच्या एका कोपऱ्यात नेऊन सोडायला सुरुवात झाली होती. डेमियन तिथे आपणहून गेला. त्यांची घरं बांधली, जखमा बांधल्या, थडगी खणली, शेवटी त्यांचा रोगही घेतला आणि १८८९ मध्ये तिथेच गेला. २००९ मध्ये चर्चनं त्याला संतपद दिलं. असल्या माणसाकडे ओरडून सांगण्यासारखी पापं असतील तरी कसली? पण तो प्रश्न आपला, त्याचा नव्हे. त्याची अडचण साधी होती. देव तर बेटावरही होता. रात्री गुडघे टेकून त्याला सगळं सांगता आलं असतं, आणि त्यानं ते सांगितलंही असणार. तरी त्याला माणसाचा कान हवा होता.

कॅथलिक पापनिवेदनातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात शहाणं कलम हेच आहे. पाप मनात आठवून चालत नाही, कागदावर लिहून जाळून चालत नाही. तोंडानं, दुसऱ्या माणसाला, नाव घेऊन सांगावं लागतं. दिवाळीआधी माळा साफ करणाऱ्याला हे चटकन कळेल. खालून बघताना माळ्यावर नुसता पसारा दिसतो. शिडीवर चढून एकेक वस्तू खाली दुसऱ्याच्या हातात दिली की मगच समजतं, त्यात एक फुटकी बरणी, एक कुणाची तरी परत न केलेली छत्री आणि एक काय आहे ते सांगायचीच लाज वाटावी अशी वस्तू आहे. ‘माझं जरा चुकलंच’ हा पसारा झाला. ‘भावाच्या वाट्याच्या जमिनीचा कागद मी दडवून ठेवला’ ही वस्तू.

शिकवणीच्या वर्गात मुलांना याची पूर्वतयारी करून घेतात. आठ‑नऊ वर्षांचं वय, पुढे पहिला ख्रिस्तशरीर संस्कार, आणि त्याआधी आयुष्यातलं पहिलं पापनिवेदन. आपला विवेक तपासायचा, मनापासून वाईट वाटून घ्यायचं, पुन्हा न करण्याचा निश्चय करायचा, सांगायचं, आणि फादर देतील ते प्रायश्चित्त करायचं. मुलांची पंचाईत दुसरीच असते. आठ वर्षांत पापं होऊन होऊन किती होणार? मग रांगेत उभ्या उभ्या कुजबूज चालते, तू काय सांगणार, मी काय सांगू. भावाला मारलं, आईशी खोटं बोललो, प्रार्थनेत हसलो, ही ठरलेली यादी सगळीकडे फिरते. एखादं कल्पक पोर दोन‑चार पापं पदरचीही घालतं आणि पापनिवेदनातच खोटं बोलण्याचं एक नवं पाप करून बाहेर येतं. मोठ्यांची तऱ्हा उलटी. काही आजी स्वतःपेक्षा सुनेची पापं जास्त तपशिलानं सांगतात, ही धर्मगुरूंच्या गप्पांमधली जुनी तक्रार आहे. फादरांना हळूच म्हणावं लागतं, आजी, आता तुमचं सांगा.

हा संस्कार पहिल्यापासून असा कुजबुजता नव्हता. सुरुवातीच्या शतकांत खून, व्यभिचार किंवा छळाला घाबरून श्रद्धा सोडणं अशा मोठ्या पापांचं प्रायश्चित्त चारचौघांत व्हायचं. गोणपाट अंगावर, राख डोक्यावर, महिनोन्‌महिने देवळाच्या दाराशी. आणि ही संधी साधारणपणे आयुष्यात एकदाच. ३९० साली थेस्सालोनिकीत रोमन सम्राट थिओडोसियसच्या हुकमानं हजारोंची कत्तल झाली, तेव्हा मिलानचे बिशप अँब्रोज यांनी त्याला पत्र लिहून कळवलं की तू प्रायश्चित्त केल्याशिवाय वेदीजवळ यायचं नाहीस. सम्राट कित्येक महिने राजचिन्हं उतरवून पश्चात्ताप्यांमध्ये राहिला. सत्ताधाऱ्यानं चूक सगळ्यांसमोर मान्य करण्याचं इतकं ठसठशीत उदाहरण नंतरच्या सोळाशे वर्षांत शोधावं लागतं.

पुढे आयर्लंडच्या भिक्षूंनी खासगी पापनिवेदनाची पद्धत युरोपभर नेली. त्यांच्याजवळ वह्या असत. अमुक पापाला इतके दिवस भाकरी आणि पाणी, तमुकाला इतकी स्तोत्रं, फारच मोठं असेल तर देशत्याग. हिशेब आला की पळवाट आलीच. दहाव्या शतकातल्या एका इंग्रज नियमावलीत श्रीमंतांची सोय लावलेली आहे: धनिकानं आपल्या जोडीला शेकडो माणसं उपासाला बसवली, तर सात वर्षांचा उपास तीन दिवसांत आटोपतो. वाचताना हसू येतं, पण ते फार वेळ टिकत नाही; पैसे देऊन अनुष्ठानाला बसवण्याची सोय कुठल्या धर्मात निघाली नाही? हीच वाट पुढे क्षमापत्रांच्या विक्रीपर्यंत गेली आणि १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर त्यावर उसळला. गंमत म्हणजे क्षमेच्या बाजारावर तुटून पडलेल्या ल्यूथरनं खासगी पापनिवेदन मोडीत काढलं नाही. सक्ती नको म्हणाला, पण स्वतः जात राहिला.

१२१५ च्या लॅटरन धर्मसभेनं दोन गोष्टी पक्क्या केल्या होत्या. प्रत्येक सज्ञान ख्रिस्ती माणसानं वर्षातून निदान एकदा आपल्या धर्मगुरूपाशी पापं सांगावीत. आणि ती ऐकणाऱ्यानं शब्दानं, खुणेनं, कशानंही बाहेर फोडली, तर त्याचं पद काढून त्याला जन्मभर मठात कोंडावं. बोलणाऱ्यावर वर्षातून एकदाची सक्ती आणि ऐकणाऱ्यावर जन्मभराची. त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी लाकडी खोकं आणि मधली जाळी आणली. आज चित्रपटांत गूढ वाटावं म्हणून दाखवतात ती जाळी मुळात बंदोबस्ताची होती. पापं सांगायला आलेल्या बाईला ऐकणाऱ्या पुरुषापासून संरक्षण मिळावं, म्हणून ती आली. चर्चला आपल्या माणसांचा पुरता भरवसा नव्हता, आणि तो नसणं शहाणपणाचं होतं.

जाळीमागे बसणाऱ्यांत फ्रान्समधल्या आर्स गावच्या जाँ व्हिआनीची कथा आहे. अभ्यासात कच्चा, लॅटिनमध्ये गटांगळ्या खाणारा हा माणूस १८१८ मध्ये एका आडगावात नेमला गेला, आणि म्हातारपणी रोज बारा, सोळा तास नुसता ऐकत बसू लागला. माणसं इतकी लोटली की ल्योंच्या रेल्वे स्टेशनात आर्सच्या प्रवाशांसाठी वेगळी खिडकी उघडली होती आणि तिथलं परतीचं तिकीट आठ दिवस चालायचं, कारण नंबर लागायलाच तेवढे दिवस जात. तो काही थोर उपदेश करत नसे. ऐकायचा, एखादं वाक्य बोलायचा, पुष्कळदा स्वतःच रडायचा.

गुपिताचं काय? प्रागच्या चार्ल्स पुलावर नेपोमुकच्या जॉनचा पुतळा आहे. राणीनं पापनिवेदनात काय सांगितलं ते राजाला सांगायला नकार दिला, म्हणून १३९३ मध्ये त्याला नदीत बुडवलं, अशी आख्यायिका. इतिहासकार म्हणतात की राजा आणि आर्चबिशप यांच्यातल्या मठाधिपतीच्या नेमणुकीच्या भांडणात तो चिरडला गेला. लोकांनी मात्र आपल्याला हवी ती कथा ठेवली. सांगितलेलं बाहेर न जाऊ देणारा एक तरी माणूस जगात असावा, ही गरज कागदोपत्री पुराव्यापेक्षा मोठी ठरली.

पण त्या गुपिताच्या आड काय काय लपू शकतं, तेही आपल्या काळानं पाहिलं. बालकांवरच्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आयोगानं २०१७ मध्ये अहवाल दिला, आणि त्यानंतर व्हिक्टोरिया, क्वीन्सलँड अशा राज्यांनी कायदा केला की असा गुन्हा पापनिवेदनात कळला तरी धर्मगुरूनं पोलिसांना कळवलं पाहिजे. चर्च म्हणतं, गुपिताची मोहर तुटणार नाही. केरळात २०१८ मध्ये पापनिवेदनात कळलेल्या गोष्टीचा धाक घालून एका विवाहितेचं शोषण केल्याचा आरोप ऑर्थोडॉक्स चर्चच्या काही धर्मगुरूंवर झाला. त्यावर राष्ट्रीय महिला आयोगानं ही प्रथाच बंद करा अशी शिफारस केली आणि केरळची सगळी चर्चेस खवळून उठली. आपल्या साक्षीपुराव्याच्या कायद्यात पती‑पत्नी आणि वकील‑अशील यांच्या बोलण्याला संरक्षण आहे. धर्मगुरूच्या कानासाठी तशी तरतूद नाही. प्रथा बंद करणं म्हणजे चोर सोडून दार उखडणं, असं म्हणता येईल. पण ज्या बाईचा विश्वास तिथे वापरला गेला, तिला ते म्हणून दाखवायला जीभ रेटावी लागेल.

आणि भीतीनं काढलेली कबुली? तिचा पत्ता मराठी मुलखाच्या शेजारीच आहे. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली चार वर्षं सोडली तर, इन्क्विझिशनचं न्यायालय चाललं. तिथेही पापांची कबुलीच मागत. समोर मात्र धर्मगुरूच्या जागी न्यायाधीश बसे, मागे तुरुंग असे, आणि नव्यानं बाटलेल्या माणसाला घरातली तुळस, जुनं नाव, लग्नातला एखादा विधी याचाही जाब द्यावा लागे. बाजूच्याच देवळांतून त्याच काळात जाळीमागे क्षमा मिळत होती. एकाच गावात एक कान मोकळं करत होता आणि दुसरा अडकवत होता.

महाराष्ट्रातल्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती परंपरेला ही जाळी नाही. पाळकाला सांगायची सक्ती नाही, देवाला थेट सांगावं. तरीही १९०५ च्या जूनअखेरीस केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात जे झालं, त्याची वर्णनं वाचली की वाटतं, माणसाच्या कानाची ओढ पंथाच्या भिंती मानत नाही. वर्षाच्या सुरुवातीपासून रमाबाईंनी प्रार्थनेचे गट चालवले होते; वेल्समधल्या धर्मजागृतीच्या बातम्या येत होत्या. मग एके दिवशी मुली रडू लागल्या, मोठमोठ्यानं आपली पापं बोलून दाखवू लागल्या, दिवसचे दिवस हे चाललं. दुष्काळातून उचलून आणलेल्या, बालविधवा, टाकलेल्या पोरी त्या. यांच्या पापांपेक्षा यांच्यावर झालेली पापं कितीतरी मोठी, असं आजच्या वाचकाच्या मनात येतंच. पण आजवर ज्यांचं कुणी काही ऐकूनच घेतलं नव्हतं, त्यांना मोठ्यानं ‘मी’ म्हणायला तिथे जागा मिळाली.

त्याच काळातल्या लक्ष्मीबाई टिळकांनी वेगळी तऱ्हा दाखवली. ‘स्मृतिचित्रे’त त्या आपलं सोवळं‑ओवळं, आपला हट्ट, आपली फजिती अशा हसतखेळत सांगतात की तो पश्चात्ताप आहे हे वाचकाच्या ध्यानातही येत नाही. ऐकायला अख्खा महाराष्ट्र बसवला, आणि पापाचं ओझं वाचकाच्या डोक्यावर मात्र ठेवलं नाही.

इथवरचं सगळं सांगणाऱ्याचं झालं. ज्याचं नुकसान झालं, त्याच्या मनात साचलेलं कोण काढणार? धर्मगुरू देवाच्या वतीनं क्षमा करतो. मेलेल्या मुलीच्या आईच्या वतीनं तो करू शकत नाही.

सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळमधल्या पुल्लुवळीच्या. मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला त्या भूमिहीन आदिवासींना सावकाराच्या कर्जातून सोडवण्याचं काम करत होत्या. बचत कशी करायची, सरकारी योजना कशा मिळवायच्या, कोर्टात कसं उभं राहायचं, हे शिकवत होत्या. ज्यांचं यात नुकसान होत होतं, त्यांनी समंदर सिंह नावाच्या तरुणाला पुढे केलं. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे जाणाऱ्या भरल्या बसमध्ये, प्रवाशांसमोर, त्यानं त्यांना भोसकलं. अंगावर चोपन्न जखमा होत्या. बसमधलं कुणी मध्ये पडलं नाही. समंदर सिंहला जन्मठेप झाली.

तुरुंगात तो पश्चात्तापानं पोळत होता, असं समजायचं कारण नाही. तो सुडानं पोळत होता. ज्यांनी त्याला भरीला घातलं ते बाहेर मोकळे होते, आणि सुटल्यावर पहिल्यांदा त्यांना संपवायचं, हा त्याचा बेत होता. भगवी वस्त्रं घालून आश्रमात राहणारे कॅथलिक धर्मगुरू स्वामी सदानंद त्याला भेटायला जात राहिले. दुसऱ्या बाजूला राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, त्याच संघातली नन. २००२ च्या रक्षाबंधनाला ती इंदूरच्या तुरुंगात गेली आणि आपल्या बहिणीच्या मारेकऱ्याला तिनं राखी बांधली. खून आणि राखी यांच्यामध्ये सात वर्षं गेली होती. क्षमेच्या गोष्टी सांगणारे ही सात वर्षं नेहमी एका वाक्यात उडवतात, आणि खरी गोष्ट तिथेच असते. पुढे आईनंही त्याला भेटून, ज्या हातांना लेकीचं रक्त लागलं होतं, त्या हातांचं चुंबन घेतलं. कुटुंबानं त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला आणि २००६ मध्ये, अकरा वर्षांनी, तो सुटला. सुटल्यावर केरळात जाऊन तो म्हाताऱ्या आईवडिलांना भेटून आला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्ये राणी मारियांना ‘धन्य’ घोषित केलं, तेव्हा तो त्या गर्दीत होता.

यात राखी आली कुठून? बायबलमधून तर नाही. केरळची सिरियन कॅथलिक नन, माळव्यातला हिंदू शेतकरी; दोघांमध्ये क्षमा बोलायची भाषा कुठली? तिनं त्याच्या घरातली भाषा उचलली. राखी घेतली की नातं आलं, आणि नातं आलं की सुडाचा बेत सांभाळणं जड जातं. ज्यांनी भरीला घातलं त्यांच्यावरचा त्याचा राग त्याला सोडावा लागला. क्षमा घेण्याची किंमत म्हणून त्याला ती करावीही लागली.

क्षमेनं कायदा थांबत नाही, हे ओडिशात दिसलं. जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं आणि बारिपदाच्या कुष्ठरोग्यांची सेवा आणखी काही वर्षं चालवली. खटला मात्र पूर्ण चालला; मुख्य आरोपी दारा सिंहची फाशी उच्च न्यायालयानं जन्मठेपेवर आणली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. बाईंनी राग सोडला, पुरावा सोडला नाही. आणि कधी क्षमा मिळते, कबुली मिळतच नाही. पोप दुसरे जॉन पॉल १९८३ च्या डिसेंबरात रोमच्या तुरुंगात, आपल्यावर गोळ्या झाडणाऱ्या मेहमेत अली अग्जाशी जवळजवळ वीस मिनिटं कुजबुजत बसले. त्यानं माफी अशी मागितलीच नाही, असं पोपच्या सचिवांनी नंतर लिहिलं. पोप तरी त्याच्या कानाशी वाकून बसले होते.

वसईत, नंदाखाल, गास, आगाशीच्या भागात, उपवासकाळाचे शेवटचे दिवस आले की संध्याकाळी चर्चच्या आवारात सायकली, स्कूटरी दाटतात. एवढ्या माणसांना एकटे फादर पुरे पडत नाहीत, म्हणून शेजारच्या धर्मग्रामांतून चार‑पाच धर्मगुरू बोलावलेले असतात. कुणी खोक्यात, कुणी बाजूच्या वेदीपाशी खुर्ची टाकून, कुणी व्हरांड्यात. वांगी‑केळींच्या वाडीतून हात धुऊन आलेले, लोकल पकडून चर्चगेटहून आलेले, सगळे रांगा न्याहाळतात आणि हिशेब करतात. आपले फादर ओळखीचे. रविवारी घरी चहाला येतात, मुलाच्या लग्नाला होते, जमिनीच्या भांडणात मध्यस्थीही त्यांनीच केली होती. त्यांच्यासमोर दोन‑तीन लहान मुलं आणि एक आजी. बाहेरगावाहून आलेल्या, नावही माहीत नसलेल्या फादरांपुढे मात्र रांग दारापर्यंत जाते, आणि त्यातही जे वयानं सगळ्यात मोठे आणि कानानं जरा मंद असतात, त्यांची रांग जिन्यावरून खाली अंगणात उतरते.